तिसरं कडवं

मित्रांनो, जिन्याखाली पाण्याच्या टाकीला टेकवून ठेवलेली ती काळी सायकल दिसते आहे ना? जिच्या दोन्ही चाकांत हवा नाही आणि जिच्या सीटवर कुणीतरी फरशी पुसायचं फडकं वाळत घातलं आहे? तीच मी. फडक्याबद्दल मी आज काही बोलत नाही, कारण बोलायला लागले तर थांबणार नाही. मला दुसरंच दुःख आहे आणि ते सांगितल्यावाचून मला चैन पडणार नाही.

तुम्ही म्हणाल, सायकलीला कसलं आलंय दुःख? फार तर पंक्चर, नाहीतर गंज. पण माझं दुःख गाण्याचं आहे. जुन्या हिंदी सिनेमाची गाणी मला जिवापाड आवडतात. उभं आयुष्य मी त्या गाण्यांच्या दाराशी काढलं आणि तरी त्यांतलं एकही मला तिथे कधी धडपणे पुरतं ऐकायला मिळालं नाही. या गोष्टीचा मला इतका संताप येतो की अजूनही आठवलं की माझं हँडल आपोआप वाकडं होतं.

माझा जन्म एका अरुंद दुकानात झाला. कारखान्यातून माझे सुटे भाग खोक्यांतून आले आणि एका मिस्त्रीने ते जोडले. त्याच्या दुकानात दिवसभर रेडिओ चालू असे. चाकातला एकेक स्पोक तो पाना लावून ताणी, त्यावर टिचकी मारून आवाज ऐके, मान हलवी आणि मग पुढच्या स्पोककडे वळे. मला वाटतं, गाण्याचं वेड माझ्या अंगात तिथेच शिरलं. मला न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाने सांगून पाठीमागे जाड लोखंडी पट्ट्यांचं दणकट कॅरिअर बसवून घेतलं. मिस्त्री म्हणाला, "एवढं कशाला? पोती वाहायची आहेत का?"

"सिनेमा वाहायचाय," गिऱ्हाईक म्हणालं.

मी हरखून गेले. मला वाटलं, माझ्यासारखी भाग्यवान मीच. तेव्हा मी कोरी होते, मला काय कळतंय!

आमच्या शहरात दोन थिएटरं होती आणि दोन्हींचा मालक एकच होता. मोठ्याला लोक थोरलं म्हणत आणि लहानाला धाकटं. मालक मोठे हिशेबी. नवा सिनेमा आला की दोन्हीकडे लावत, पण प्रिंट मागवत एकच. आता एकच सिनेमा दोन ठिकाणी कसा दाखवणार? त्याचीही युक्ती होती. सिनेमा म्हणजे सोळा रिळं, आणि दोन-दोन रिळं एका पत्र्याच्या डब्यात. थोरल्यात दुपारचा खेळ तीनला सुरू होई आणि धाकट्यात तीन पस्तीसला. थोरल्यात एक डबा दाखवून झाला की तिथला ऑपरेटर ती रिळं उलटी गुंडाळून डब्यात भरी आणि तो डबा माझ्या कॅरिअरवर बसून धाकट्याकडे निघे. तो पोहोचवून परत यावं, तर पुढचा डबा तयार. जायला आठ मिनिटं, यायला आठ, मध्ये थांबायला तीन-चार. असे दिवसाला तीन खेळ. जरा उशीर झाला तर धाकट्याचा पडदा पांढरा पडणार, आणि पांढऱ्या पडद्यासमोर बसलेली माणसं काय करतात ते तिथल्या खुर्च्यांना विचारा.

दुकानातून मला घेऊन आलेले आणि पुढे मला चालवणारे गृहस्थ पस्तिशीचे होते. सडपातळ, पायांनी चपळ आणि सिनेमाचे वेडे. या वेडापायी त्यांनी एका कापडदुकानातली बरी नोकरी सोडून हे काम धरलं होतं. रोज फुकटात सिनेमा बघायला मिळेल, असं त्यांना वाटलं होतं. पहिल्याच आठवड्यात त्यांचे डोळे उघडले. सिनेमा चालू असताना ते रस्त्यावर आणि ते थिएटरात असताना डबा बांधायची घाई. ऑपरेटरच्या खोलीच्या दारातून दिसेल तेवढा पडदा बघायचा, तिथल्या छोट्या स्पीकरवर येईल तेवढं गाणं ऐकायचं आणि निघायचं. वेळा अशा पक्क्या ठरलेल्या की प्रत्येक खेळाला त्यांच्या वाट्याला नेमके तेच तुकडे येत. खून झालेला कळे, पण कुणी केला ते कळत नसे. लग्न मोडलेलं कळे, पण ठरलं कधी ते माहीत नसे. थोरल्याच्या जाड्या ऑपरेटरने त्यांना नाव ठेवलं अर्धेराव. पुढे सगळे तेच म्हणू लागले, म्हणून मीही तेच म्हणते.

अर्धेराव दिवसाचं शेवटचं काम आटोपून घरी आले की त्यांची लहान मुलगी जागी असली तर विचारायची, "बाबा, मग शेवटी काय झालं?"

"शेवटी मी डबा घेऊन निघालो," ते म्हणायचे.

माझं तर त्याहून वाईट. मी खाली बोळात, ऑपरेटरच्या खोलीच्या जिन्याला टेकून उभी. मला पडदा कधी दिसलाच नाही. वरच्या खिडकीतून जे सूर खाली पडतील ते मी जिवाचा कान करून ऐके. गाण्यात रंग भरायला लागतो न लागतो तोच जिन्यावर धडधड पावलं वाजत, पाठीवर डबा आदळे, रबरी पट्टा आवळला जाई आणि आमची स्वारी चालू पडे. अर्धेराव उरलेलं गाणं वाटेत अंदाजाने गुणगुणत. कधी जमे, कधी नाही. मी चेनीने ठेका धरी. एवढं मात्र सांगते, अकरा वर्षांत आमच्यामुळे धाकट्याचा पडदा एकदाही पांढरा पडला नव्हता. मालकांनी एकदा सगळ्यांसमोर माझ्या सीटवर थाप मारून म्हटलं होतं, "माझी खरी मॅनेजर ही आहे." ती थाप मी अजून विसरलेले नाही.

आणि मग तो सिनेमा आला.

त्याचं नाव मी सांगणार नाही, कारण मला त्याचा राग आहे. त्यातलं एक गाणं चौथा डबा सुरू होताच लागे. त्या वेळी तिसरा डबा न्यायला आम्ही थोरल्याशी हजर असायचो, म्हणून त्याची सुरुवात आणि पहिलं कडवं आमच्या हक्काचं होतं. दुसरं कडवं रेडिओवर ऐकून पाठ झालं. काय गाणं होतं! नायिका नायकाला निरोप देते आहे आणि त्याला थांब म्हणायचं तिच्या जिभेवर येऊन अडलं आहे, असं त्या सुरांत स्पष्ट कळायचं. अर्धेरावांना त्या गाण्याने पार झपाटलं. दाढी करताना तेच, जेवताना तेच.

एके दिवशी त्यांची बायको तिच्या बहिणीबरोबर धाकट्याला जाऊन तो सिनेमा बघून आली. तिला थिएटरातले सगळे वहिनी म्हणत, म्हणून मीही वहिनीच म्हणते. अर्धेराव अंगणात माझी चाकं पुसत होते. वहिनी आल्या त्या चपला न काढताच म्हणाल्या,

"अहो, तुमच्या त्या गाण्याला तीन कडवी आहेत."

"छे! दोनच आहेत. रेडिओवर रोज लागतं."

"रेडिओला काय कळतंय! मी आत्ता बघून आले ना? तो निघून जातो. मग जरा वेळ नुसतं सामसूम. आणि मग ती एकटीच तिसरं म्हणते. खरं गाणं तिथेच आहे हो. माझ्या तर अंगावर काटा आला."

अर्धेरावांच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. मग त्यांच्या लक्षात आलं. तबकडीवर जेवढं मावतं तेवढंच रेडिओवर लागतं. सिनेमात जास्तीचं कडवं असतं, ते फक्त थिएटरात बसणाऱ्याला मिळतं.

"म्हणून दाखव की," ते म्हणाले.

"मला येतं होय म्हणायला?"

"निदान शब्द सांग."

"शब्द कुठले लक्षात राहतात? डोळे पुसत होते मी. पण चाल त्या दोन कडव्यांसारखी नाही. वेगळीच आहे."

"वेगळी म्हणजे कशी?"

"वेगळी म्हणजे वेगळी! स्वतःच्या कानांनी ऐका ना एकदा. रोज तिथेच तर असता."

मित्रांनो, रोज तिथेच असतो हेच तर दुखणं होतं! तिसरं कडवं सुरू व्हायला आम्ही निघाल्यानंतर तीन मिनिटं लागत आणि आमच्याकडे तीन मिनिटं नसत. धाकट्यात तेच गाणं लागे तेव्हा आम्ही पाचवा डबा आणायला अर्ध्या वाटेवर असायचो. म्हणजे दिवसातून सहा वेळा ते कडवं या शहरात गायलं जाई, आणि सहाही वेळा आम्ही दोघं रस्त्यावर.

अर्धेरावांनी काय काय करून पाहिलं! आठ मिनिटांची वाट साडेसहा मिनिटांत मारली. पण लवकर पोहोचून उपयोग काय? तिसरा डबा गुंडाळून झाला की तो हातात पडणारच आणि पडला की निघावंच लागणार. ऑपरेटरला म्हणाले, "दादा, आजच्या दिवस जरा सावकाश गुंडाळा." ऑपरेटरने चष्मा वर केला. "मी सावकाश गुंडाळलं तर धाकट्याचा मॅनेजर मलाच गुंडाळेल," तो म्हणाला. एकदा अर्धेराव जिन्याच्या मधल्या पायरीवर डबा काखेत मारून रेंगाळले. दुसरं कडवं संपलं, सामसूम झाली, आणि तेवढ्यात त्यांचं घड्याळाकडे लक्ष गेलं. उड्या मारत खाली आले. त्या दिवशी माझ्यावर त्यांनी इतका राग काढला की पुलाच्या उतारावर माझे ब्रेक ओरडले.

या सगळ्यात एक गोष्ट झाली, तीही सांगायला हवी. दर रविवारी सकाळी अर्धेराव माझ्या चेनीला तेल घालत आणि ती सैल झाली असेल तर ओढून घेत. तो सिनेमा तीन आठवडे चालला आणि तिन्ही रविवार त्यांनी गाण्याच्या नादात घालवले. चेन सैल पडली. पुलाच्या चढाला ती सुटायला बघे. पण अर्धेरावांच्या पायांना युक्ती माहीत होती. चढ सुरू व्हायच्या आधी पायडल अर्धं मागे घ्यायचं, चेन दातांवर नीट बसू द्यायची आणि मग दाबायचं. इतकी अंगवळणी पडलेली गोष्ट की आपण असं करतो हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं.

शेवटचा दिवस उजाडला. दुपारचा तीनचा खेळ शेवटचा. संध्याकाळच्या गाडीने प्रिंट परत जाणार होती.  वहिनी म्हणाल्या, "तिसरा डबा मी नेते."

"काय?"

"मला सायकल येते. लग्नाआधी दहा मैल शाळेत जायची मी. एक डबा मी पोहोचवते, तुम्ही उभे राहून गाणं ऐका. पुढचे डबे तुमचे तुम्ही न्या."

 अर्धेराव इतकं हसले की मीही मनात हसले. ऑपरेटरला विचारलं, तो म्हणाला, "वहिनी नेत असतील तर मला काय हरकत आहे? फक्त डबा वेळेवर पोहोचला पाहिजे."

चार वाजून तीन मिनिटांनी वहिनी जिन्यावरून डबा घेऊन उतरल्या. वर पहिलं कडवं संपत होतं. त्यांनी पट्टा आवळला, मांड टाकली आणि आम्ही निघालो. काय सांगू, बाई सुरेख चालवत होत्या! हँडल हलकं धरलेलं, वळणावर घाबरणं नाही, घंटी हवी तेव्हाच. मला मनापासून वाटलं, आज जमणार. आज त्यांना मिळणार. मला नाही मिळालं तरी चालेल.

आणि मिनिटभरातच पुढे पुलाचा चढ दिसला.

मी ओरडत होते मित्रांनो. पायडल मागे घ्या, वहिनी, अर्धं मागे घ्या! पण माझं ओरडणं म्हणजे चेनीची करकर. वहिनींना ती ऐकू आली, त्यांना वाटलं तेल हवं आहे. त्या सीटवरून उठल्या आणि त्यांनी सगळा भार पायडलवर टाकला. खाडकन चेन सुटली ती दातेरी चाकाच्या आणि दांडीच्या मध्ये जाऊन गच्च रुतली. मी आडवी झाले. डबा तेवढा पट्ट्यामुळे वाचला.

वहिनींनी चेन ओढली, मागे फिरवली, शिव्या घातल्या. हात कोपरापर्यंत काळे झाले. दोन मिनिटं गेली. मग त्यांनी मला तिथेच सोडलं, डबा कमरेवर घेतला आणि पुलावरून पळत सुटल्या. मी रस्त्यात पडून त्यांची पाठ बघत राहिले. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

पुढचं मी नंतर घरात शंभर वेळा ऐकलं आहे. धाकट्याचा पडदा पांढरा पडला. लोकांनी खुर्च्या आपटायला सुरुवात केली.  पण त्याआधीच, मी पुलावर पडले तेव्हा, इकडे थोरल्यात ऑपरेटरच्या दाराशी अर्धेराव डोळे मिटून उभे. दुसरं कडवं झालं. नायक गेला. सामसूम झाली. तिसऱ्या कडव्याचा पहिला सूर लागणार, तेवढ्यात थोरल्याचा दारवान धापा टाकत जिना चढून आला. "अहो अर्धेराव, वहिनी पुलावर पडल्या! आत्ता तिकडून आलेला एक सायकलवाला सांगतोय!"

 अर्धेराव एका उडीत चार पायऱ्या उतरले आणि धावत सुटले.

मला ते लांबूनच दिसले. पुलावर मी आडवी पडलेले, वहिनी नाहीत, डबा नाही. त्यांनी मला पाहिलं आणि डोक्याला हात लावून मटकन रस्त्यातच बसले. लोक विचारत होते काय झालं. थोड्या वेळाने पलीकडून वहिनी चालत येताना दिसल्या. हात काळे, केस सुटलेले.

"पोहोचला डबा," त्या म्हणाल्या. "लोक फार बोलले, पण पोहोचला. तुम्ही इथे काय करताय? गाणं झालं?"

अर्धेरावांनी मानेनेच नाही म्हटलं.

"अहो, मग ऐकून यायचं ना! मी काय पळून जात होते?"

"तू दिसली नाहीस," ते म्हणाले.

मग ते माझ्यापाशी आले. एका हाताने मागचं चाक उचललं, दुसऱ्याने चेन मोकळी करून दातांवर चढवली आणि पायडल एकदा फिरवलं. अर्धं मिनिटही लागलं नाही. "चढाला पायडल आधी मागे घ्यायचं असतं," ते हळूच म्हणाले.

वहिनी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "मग हे आधी सांगायला काय झालं होतं?"

 उत्तर माझ्याकडे होतं, पण मला कोण विचारतो? पुढचे डबे अर्धेरावांनीच नेले. संध्याकाळी आठ डबे माझ्याच कॅरिअरवर दोन खेपांत स्टेशनला पोहोचले. तिसरं कडवं मी माझ्या पाठीवरून नेऊन गाडीत बसवून दिलं.

तो सिनेमा आमच्या शहरात पुन्हा आला नाही. पाच वर्षांनी पलीकडच्या शहरात लागल्याची जाहिरात वर्तमानपत्रात दिसली. अर्धेराव आणि वहिनी बसने गेले. परत आले तेव्हा बस स्टँडवर मी उभीच होते. अर्धेरावांचा चेहरा बघून मला कळलं. त्या थिएटरात दुसऱ्या कडव्यानंतर एकदम पुढचा प्रसंग सुरू झाला. खेळ संपल्यावर यांनी जाऊन विचारलं, तर तिथला ऑपरेटर म्हणाला, "ते कडवं आम्ही कापतो. लांबतं उगाच. लोक पाणी प्यायला उठतात."  पुढे टीव्हीवर तो सिनेमा लागला, तिथेही दोनच कडवी. वेळेत बसवायला कात्री लावलेली. सगळ्या जगाने मिळून त्या एकाच कडव्यावर दात धरला होता की काय, देव जाणे!

दिवस गेले. मालकांनी दोन प्रिंटा आणायला सुरुवात केली आणि माझं काम संपलं. मग धाकटं बंद झालं, मग थोरलं. अर्धेराव एका छापखान्यात कामाला लागले. मी त्यांना तिथे नेत असे, त्यांच्या मुलीला शाळेत सोडत असे. मुलीचं लग्न झालं, अर्धेरावांचे गुडघे दुखू लागले आणि मी जिन्याखाली आले. पहिल्या वर्षी दर रविवारी तेल मिळे. मग महिन्याने, मग आठवण झाली तर. आता चेनीला गंज चढून ती एकसंध कडक झाली आहे. आता ती सुटत नाही, हे मात्र खरं.

आणि अर्धेरावांचे कान गेले. सुरुवातीला कुणाच्या लक्षातच आलं नाही, कारण वहिनींची हाक त्यांना आधीही ऐकू येत नसे. मग दारावरची घंटी ऐकू येईना. डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र दिलं. त्यातून जवळचं मोठ्याने बोललेलं कळतं, पण गाणं लावलं की नुसती खडखड येते आणि मध्येच शिट्टी वाजते. त्यांनी रेडिओ शेजाऱ्यांना देऊन टाकला. देताना पुसून दिला.

परवाची गोष्ट. दुपारची वेळ होती. अर्धेराव आणि वहिनी माझ्याजवळच, जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले होते. त्यांची कॉलेजात जाणारी नात मोबाइल हातात घेऊन आली.

"आजोबा! तुमचा तो सिनेमा सापडला. कुणीतरी नेटवर अख्खा चढवलाय."

तिने गाणं लावलं. ते सूर! माझ्या गंजलेल्या अंगातून कळ गेली. सुरुवात झाली, पहिलं कडवं झालं आणि नातीने बोटाने गाणं पुढे सारलं. "हेच ना? मग आता दुसरं कुठलं लावू?"

"थांब गं!" वहिनी ओरडल्या. "पुरतं वाजू दे."

"आजी, पुढे तेच तेच असतं."

"तेच नसतं! मागे घे आधी."

नातीने गाणं मागे घेतलं. दुसरं कडवं झालं. सामसूम झाली. आणि मग, मित्रांनो, मी तिसरं कडवं ऐकलं.

आधीची दोन कडवी वर चढत जातात. हे खालच्या सुरात सुरू होतं, अगदी बोलल्यासारखं. मागे वाद्यं जवळजवळ नाहीत. दुसऱ्या ओळीत आवाज वर जातो की काय असं वाटतं, पण तो जात नाही, तिथेच थरथरत उभा राहतो आणि शेवटी इतका अलगद खाली येतो की गाणं कधी संपलं ते कळतच नाही. वहिनींचं म्हणणं खरं होतं. खरं गाणं तिथेच होतं. इतक्या वर्षांनी मला ते मिळालं आणि मला एक क्षणभरसुद्धा आनंद झाला नाही, कारण माझं लक्ष अर्धेरावांकडे होतं.

त्यांनी मोबाइल कानाशी नेला. यंत्राने शिट्टी मारली. त्यांनी यंत्र काढलं, मोबाइल पुन्हा कानाशी धरला, मग दुसऱ्या कानाशी. मग तो हातात घेऊन नुसते बघत बसले. पडद्यावर नायिकेचे ओठ हलत होते.

"काय म्हणतेय?" त्यांनी विचारलं आणि यंत्र पुन्हा कानात घातलं.

वहिनी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगू लागल्या. "ती म्हणते, तू गेलास ते बरं झालं! मी दिवा मालवला आहे! दार लावलं आहे! पण कडी घातलेली नाही!" दुकानात सामानाची यादी सांगावी तशा त्या एकेक ओळ सांगत होत्या आणि त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं. नातीने गाणं पुन्हा लावलं, पुन्हा लावलं. अर्धेराव प्रत्येक ओळीला मान हलवत होते.

"वा," ते म्हणाले. "कडी घातलेली नाही. वा." मग त्यांनी विचारलं, "आणि चाल कशी आहे?"

वहिनींनी तोंड उघडलं. गुणगुणायचा प्रयत्न केला. अर्ध्या ओळीत थांबल्या, पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबल्या. "तशी नाही हो," त्या म्हणाल्या. "मला नाही जमत."

मित्रांनो, मला शहाणपण शिकवायची हौस नाही. पण जिन्याखाली पडल्या पडल्या मी रोज ऐकते. तुम्ही गाणं लावता, पहिलं कडवं होतं न होतं तोच दुसऱ्यावर उडी मारता. तुमच्या खिशात अख्खी गाणी आहेत. आम्ही दोघांनी एका कडव्यासाठी जन्म घालवला आणि तुम्ही ते रोज फेकून देता, याचा मला फार राग येतो. गाणं लावलंत तर शेवटपर्यंत ऐका. घरात कुणी म्हणालं की मला एवढं एकदा ऐकायचं आहे, तर त्याच दिवशी ऐकवा. कान काही तुमच्या सवडीसाठी थांबत नाहीत. आणि तुमच्या सायकलीची चेन सैल झाली असेल तर आज ती ओढून घ्या, मला तुमच्याकडून दुसरं काही नको.

त्या दिवसापासून अर्धेराव रोज दुपारी त्याच पायरीवर येऊन बसतात. माझ्यापासून चार हातांवर. ते कडवं मला पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत तोंडपाठ झालं आहे. शब्द त्यांनाही पाठ झाले आहेत. ते ती कडीची ओळ दोनदा पुटपुटतात आणि मग वहिनींकडे वळून विचारतात, "चाल कशी होती गं?"